रिठ्याचं पाणी

बायकोच्या आजीची नथ मी आमसुलाच्या पाण्यात भिजत घातली नसती, तर काकी माझ्याशी कधी मोकळेपणाने बोलल्याच नसत्या. घरमालकीण आणि भाडेकरू यांच्यात लागतं तेवढं बोलणं चालू होतं. म्हणजे पाण्याची टाकी, ओला कचरा, आणि अंगणात माझ्या स्कूटरचं तोंड कुठल्या दिशेला असावं. ते माझ्या हातून नेहमी चुकीच्याच दिशेला असायचं.

बदली होऊन आम्ही रत्नागिरीत आलो आणि त्यांच्या चिऱ्यांच्या घराची माडी भाड्याने घेतली. खाली काकी आणि त्यांची शिकती मुलगी. एका सकाळी मी वरून पाहिलं, तर काकी न्हाणीपाशी बसून समया घासत होत्या. भिजवलेली आमसुलं चोळली की काळं पितळ बघता बघता पिवळंधमक होत होतं. बायको बाजारात गेली होती. दुसऱ्या दिवशी तिला एका लग्नाला जायचं होतं आणि नथ मळलीय म्हणून ती कुरकुरत होती. ज्याने समई उजळते त्याने नथ का उजळू नये, असा शास्त्रीय विचार करून मी वाटीभर आमसुलाच्या पाण्यात नथ बुडवली आणि लवकर काम व्हावं म्हणून ती वाटी गच्चीत उन्हात ठेवली. नवऱ्याने न सांगता केलेलं काम बघून बायको कशी चकित होईल, या कल्पनेत मी दुपारभर झोपलो.

उन्हं उतरल्यावर वाळलेले कपडे काढायला काकी गच्चीत आल्या, मागोमाग डोळे चोळत मी. वाटीपाशी थबकल्या.

"काय शिजवताय?"

"नथ," मी अभिमानाने म्हणालो.

त्यांनी दोन बोटांनी नथ बाहेर काढली, पदराला टिपली आणि तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. मोती पांढरेफटक पडले होते, खडूच्या तुकड्यांसारखे.

"मोती आहेत ते. समई नव्हे."

"साफ होतील असं वाटलं."

"झाले की. सगळं पाणी गेलं त्यांचं." मग जरा नरमाईने म्हणाल्या, "मोत्याचं गेलं की परत येत नाही हां. सोन्याचं बरं असतं. कितीही मळू दे, आतलं आत असतं."

बायको त्यावर मला काहीच बोलली नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतोय. चांगले पंधरा दिवस ती काही बोलली नाही. काकी मात्र तिला जिन्यातूनच म्हणाल्या, "घाटावरच्यांच्या हातात दागिना देऊ नको गो. माझ्याकडे घेऊन ये." त्या दिवसापासून माझं नाव 'घाटावरचे' पडलं. 'अहो घाटावरचे, मोटर बंद करा.' 'घाटावरचे आले वाटतं, स्कूटर बघा कशी लावलीय.' मी साताऱ्याचा, त्यामुळे नाव काही खोटं नव्हतं.

दागिने धुणं हे काकींचं व्रत होतं. सगळी माणसं दागिने घालण्यासाठी करतात. काकींना बघून वाटे, हे दागिने धुण्यासाठीच केलेत. गुरुवारी दुपारी जेवणं आटोपली की मागच्या पडवीत चटई पडायची. रिठे आदल्या दिवशी भिजलेले असायचे. ते कुस्करून, फेस काढून, पाणी गाळून घ्यायचं. मग त्यात थोडं गरम पाणी घालून मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघायचं. "तान्ह्या पोराला न्हाऊ घालायला लागतं तेवढंच कोमट. जास्त नाही." तान्ह्या मुलाच्याच जावळासाठी असतो तसला मऊ ब्रश, तोही झिजून झिजून अर्धा झालेला. जुन्या धोतराचं मलमली फडकं. एक वाटी धुवायला, दुसरी खंगाळायला.

दागिन्यांच्या जाती आणि त्यांचं सोवळेपण त्यांना पाठ होतं. मोत्यांना पाणी दाखवायचं नाही, अंगावरून उतरले की कोरड्या मलमलीने पुसायचे आणि मलमलीतच निजवायचे, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचे नाहीत. ज्या पाटल्यांच्या, तोड्यांच्या पोटात लाख भरलेली असते त्या भिजत घालायच्या नाहीत, नुसत्या ओल्या फडक्याने पुसायच्या. पोवळ्याला साबण लावायचा नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने चांदी काळवंडते म्हणून ती कागदात गुंडाळायची. कोणी टूथपेस्टचं नाव काढलं तर, "दात आहेत काय ते?" आणि सगळ्यांत मोठा नियम असा की दागिना अंगावर सर्वांत शेवटी चढतो आणि सर्वांत आधी उतरतो. तेल, पावडर, अत्तर झालं की मग दागिना. घरी आलं की चपलेच्याही आधी दागिना.

हा नियम त्या जगभर लागू करायच्या. मासळीबाजारात बांगडे साफ करणारी अनोळखी बाई दिसली की आधी तिच्या बोटाकडे नजर. "अंगठी काढ गो आधी. खवले बसतात खाचेत." त्या बाईने एकदा सुरी रोखून "तुझा बांगडा घे नि चालू पड" असं सुनावलं, तेव्हा मीच पिशवी धरून मागे उभा होतो. काकी शांतपणे म्हणाल्या, "चालते. पण काढ."

या शिक्षणाचा माझ्यावर परिणाम झाला नाही असं नाही. मला वाटलं, आपणही काही शिकावं. फोनवर एक व्हिडिओ आला होता. ॲल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा, उकळतं पाणी, आणि चांदी क्षणात लख्ख. मी बायकोच्या पैंजणांवर प्रयोग केला. चांदी खरोखर लख्ख झाली. एवढंच की त्या पैंजणांची सगळी शोभा त्यांच्या काळ्या नक्षीत होती, मुद्दाम काळी केलेली ती नक्षी मळाबरोबर निघून गेली. राहिल्या दोन गुळगुळीत साखळ्या. काकींनी त्या उजेडात धरल्या आणि बायकोला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला अजून काय काय धुता येतं ते एकदा विचारून ठेव."

धुऊन झालेलं पाणी त्या कधी तसंच ओतायच्या नाहीत. दुसऱ्या वाटीवर फडकं ताणायचं आणि ते मळकट पाणी त्यातून गाळायचं. कधी एखादी कडी सुटलेली असते, कधी खड्याचं कोंदण सैल झालेलं असतं. शेजारच्या एका सुनेच्या अंगठीतला खडा असाच फडक्यावर सापडला होता. ती सून अंगठी घेऊन घरी पोचलीसुद्धा होती, तिला खडा गेल्याचं ठाऊकही नव्हतं. गाळण्याचं काम त्या जवळ बसलेल्या कोणाला तरी द्यायच्या आणि हातातला दागिना पुसता पुसता विचारायच्या, "काही आहे?" समोरून "नाही" आलं की म्हणायच्या, "मग ओता." पुढे पुढे ते काम माझ्याकडे आलं. दागिन्याला हात न लावता करता येण्यासारखं तेवढंच काम होतं.

"काकी, दर वेळी काय सापडणार आहे?" मी एकदा म्हणालो.

"सापडायला नको," त्या म्हणाल्या. "नाही एवढं कळायला हवं."

गौरीच्या आधी पडवीत वाडीतल्या बायकांची रीघ लागायची. गौरीच्या अंगावर घरातले दागिने चढवायचे असतात, ते उजळून हवेत. काकी कोणाचं काही घ्यायच्या नाहीत. ज्याचा त्याचा दागिना ज्याच्या त्याच्यासमोर धुऊन हातात द्यायच्या. सगळ्यांचं आटोपलं, बायका गेल्या, की मग त्या स्वतःचं मंगळसूत्र धुवायला घ्यायच्या.

ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती काय कसरत चाललीय ते कळेना. खांद्यावर टॉवेल, मान वाकडी केलेली, हनुवटी छातीला टेकलेली. डाव्या हातात रिठ्याच्या पाण्याची वाटी गळ्याशी धरलेली, आणि उजव्या हाताने एकेक कडी पाण्यात बुडवून ब्रशने चोळत होत्या. एवढा भाग झाला की सर मानेवरून दोन बोटं पुढे सरकवायचा, पुन्हा बुडवायचा. काळे मणी, मध्ये सोन्याचे मणी, खाली दोन वाट्या. पाणी कोपरावरून ओघळून ब्लाउज भिजलेला. पाऊण तास तरी ती मान वर झाली नाही.

माझं डोकं अशा वेळी हमखास चालतं. मी म्हणालो, "काकी, काढून धुवा ना. सोपं जाईल. तुमचाच नियम आहे, सर्वांत आधी उतरवायचा."

बायकोने मला असा चिमटा काढला की त्याचा वण दोन दिवस राहिला. काकींनी मान वर केली नाही. "हे सोडून," एवढंच म्हणाल्या.

वर आल्यावर बायकोने मला सांगितलं. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं. काकींचे यजमान मालवाहू बोटीवर कामाला होते. मुलगी बालवाडीत असताना शेवटचे गेले. एका सकाळी बोटीवर त्यांची कामाची पाळी होती आणि ते कामावर आले नाहीत. खोलीत नव्हते, डेकवर नव्हते, बोटभर शोधलं, कुठे नव्हते. आजूबाजूला समुद्र. बोट मागे फिरवून पाणी पाहिलं, काही मिळालं नाही. कंपनीचा माणूस घरी येऊन एवढंच सांगून गेला. पडले, उडी मारली, कोणी ढकललं, कोणालाच माहीत नाही. देह नाही, तेव्हा क्रिया नाही. क्रिया नाही, तेव्हा काकींनी मंगळसूत्र उतरवलं नाही. आणि ते गळ्यातच ठेवायचं म्हटल्यावर त्यांनी ते एकदाही, धुण्यासाठीसुद्धा, मानेवरून काढलं नाही.

त्यांचे धाकटे दीर गावातच राहायचे. चांगला माणूस, सणावाराला आंबे-नारळ पोचवणारा. त्यांचं म्हणणं एकच, "वहिनी, सात वर्षं झाली की सरकारसुद्धा माणूस गेला असं धरतं." काकी म्हणायच्या, "सरकारला सात वर्षं पुरतात, भावोजी. त्याला माणसं पुष्कळ आहेत."

वाडीचं मात्र ठरत नव्हतं. हळदीकुंकवाला काकींना बोलवावं की नाही, हा प्रत्येक घरात दर वेळी नव्याने पडणारा प्रश्न होता. बोलवत. न बोलवण्याइतकं धाडस कोणात नव्हतं, आणि गौरीचे दागिने पुन्हा त्यांच्याकडेच न्यायचे होते. एका चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायको गेली होती. यजमानीण करंडा घेऊन ओळीने कुंकू लावत आली. काकींसमोर आली आणि तिचा हात करंड्यातच राहिला. क्षणभरच. काकींनी स्वतःचं बोट करंड्यात घातलं, स्वतःच्या कपाळाला लावलं, मग यजमानिणीच्या कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "डाळ छान झालीय हो. कैरी घरची काय?"

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय," बायको म्हणाली. "सगळ्यांनी डाळ खाल्ली. त्यांनी नाही खाल्ली."

काकींच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा हे सगळं उघड्यावर आलं. मुलगा संगमेश्वरकडचा, मुलीने स्वतःच पसंत केलेला. त्याची आई बोलणी करायला आली. सभ्य बाई. सुरुवात प्रत्येक वेळी 'आमचं काही म्हणणं नाही' अशी करायची.

"आमचं काही म्हणणं नाही हो, पण घाणा भरायला सवाष्णी लागतात. पुढे ओटी भरायची, मुलीला हळद लावायची. तुमच्याकडून कोण असेल?"

"मी आहे," काकी म्हणाल्या.

बाईंनी दिरांकडे पाहिलं. दिरांनी चहाच्या कपात पाहिलं. मुलगी आतून आली आणि फणकाऱ्याने म्हणाली, "कोणीच नको. आम्ही रजिस्टर करतो." काकी तिला म्हणाल्या, "तू पोहे बघ जा. खाली लागतील."

घाण्याचं त्या दिवशी तसंच राहिलं, पण पत्रिका थांबणार नव्हती. वधूपित्याच्या नावामागे 'श्री.' लावायचं की 'कै.' ते छापखान्याला कळवायचं होतं. माझं मराठी बरं आहे असा गैरसमज पसरल्यामुळे मजकूर माझ्याकडे आला. मी दोन दिवस खपून असा मजकूर तयार केला की त्यात वडिलांचं नाव आलं तरी ते हयात आहेत की नाहीत याचा पोलिसांनाही पत्ता लागू नये. खाली जाऊन तो मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. दीर म्हणाले, "वा, हे झकास आहे."

काकी नेमक्या मुलीच्या बांगड्या पुसत होत्या. म्हणाल्या, "यात माणूस कुठे आहे?"

"आहे की, काकी. दुसऱ्या ओळीत."

"तिथे नुसतं नाव आहे. श्री लिहा."

"वहिनी," दीर हळूच म्हणाले, "लोक हसतील."

"हसू देत. जेवूनच हसतील ना?"

"असं नाही. एकदा काय ते ठरवून टाकायला हवं होतं. इतकी वर्षं..."

"भावोजी," काकींनी बांगडी खाली ठेवली. "तुम्ही दोघं नवराबायको कन्यादानाला बसा. मी मागे उभी राहते. बाकी मला ठरवू दे. श्री लिहा हो, घाटावरचे."

मी लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं लेखन.

लग्नात काकी सवाष्णींत होत्या. घाण्याच्या जात्याला त्यांचा हात होता, हळदीला त्यांचा हात होता. व्याहीणबाईंचं शेवटपर्यंत काही म्हणणं नव्हतं, पण त्या काकींच्या शेजारी उभ्या राहिल्या नाहीत. आदल्या दिवशी काकींनी स्वतःचं मंगळसूत्र त्याच जुन्या पद्धतीने, मान वाकडी करून धुतलं होतं आणि ते इतकं चमकत होतं की मुलीच्या नव्या सोन्याशेजारी कमी वाटू नये. कुजबुज होत होती. ती मला ऐकू येत होती, म्हणजे त्यांनाही येत असणार. मंगलाष्टकं झाली. मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र पडलं, नव्या नवरीच्या रिवाजाने वाट्या उलट्या, एक सासरची, एक माहेरची. माहेरची वाटी काकींनी कोणालाही हात लावू न देता स्वतः धुऊन, मलमलीत बांधून आणली होती. त्या रडल्या नाहीत. मी रडलो. बायकोने रुमाल दिला आणि "तुमचं काय जातंय" असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरवून माणसं गेली. काकींनी खालून हाक मारली. "जरा खाली ये गो. त्यांना पण घेऊन ये."

उरलेले लाडू वाटायचे असणार, म्हणून मी स्टीलचा मोठा डबा घेऊन उतरलो. माझं कायम असंच होतं.

पडवीत चटई होती. रिठ्याचं पाणी तयार होतं. गुरुवार नव्हता. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्ही बसल्यावर त्यांनी दोन्ही हात मानेमागे नेले, फासा चाचपला. तो निघेना. इतकी वर्षं न उघडलेला, घट्ट बसलेला. बायको पुढे सरकली, तर म्हणाल्या, "थांब. मी करते." बराच वेळ नख लावून त्यांनी तो उघडला. मंगळसूत्र मनगटावर आलं. मानेभोवती उजळ रेघ राहिली होती, उन्हाने न पाहिलेली.

त्यांनी ते सगळंच्या सगळं वाटीत सोडलं. एरवीसारखं मनगटावर पाणी बघितलं नाही.

जरा वेळाने एकेक करून धुवायला घेतलं. मानेवर असताना जिथे कधी ब्रश पोचलाच नव्हता अशा जागा आता समोर होत्या. वाट्यांची पोकळ, कातडीकडची बाजू काळी कुळकुळीत झाली होती. त्यांनी काडीवर मलमल गुंडाळून ती आतून फिरवली. मळ तुकड्यातुकड्याने सुटत होता. पाणी आधी पिवळट, मग राखाडी झालं.

"बघ किती होता," त्या बायकोला म्हणाल्या. "एवढी वर्षं धुतेय नि मला वाटायचं, साफ आहे."

बायकोला हुंदका आला. "काकी, का काढलंत? काल तर..."

"काल हवं होतं." त्या ब्रश चालवत राहिल्या. "पोरीच्या लग्नात बाप असायला हवा होता. तोवर ठेवायचा होता. ठेवला."

मी लाडवांचा डबा पाठीमागे सरकवला.

धुऊन झालं. दुसऱ्या वाटीत खंगाळून झालं. फडक्यावर घेऊन त्या एकेक काळा मणी टिपू लागल्या. बायकोने कपाळाकडे बघून विचारलं, "आणि कुंकू?"

"उद्या बघू. एका दिवसाला एकच."

मला काहीतरी करायला हवं होतं. मी ती मळकट पाण्याची वाटी उचलली आणि न्हाणीकडे निघालो.

"गाळून," काकी म्हणाल्या.

मी परत बसलो. रिकाम्या वाटीवर मलमल ताणली आणि हळूहळू पाणी ओतलं, एरवीपेक्षा हळू. सगळं पाणी खाली उतरलं. मी फडकं उजेडाकडे धरलं, उलटं करून पाहिलं, मग बोट फिरवून पाहिलं.

"काही आहे?" काकींनी विचारलं. त्या मणीच पुसत होत्या.

"नाही," मी म्हणालो.

"नीट बघितलंत?"

"बघितलं, काकी. काही नाही."

"मग ओता."